संगणकाचा सांगाडा निवडताना



ऊस नोंद, तोडणी चिठ्ठी, काट्यावरचे वजन आणि बिल हे सारे आपणांस मोबाईलवर पाहता यावे म्हणून नवे संकेतस्थळ करण्याचे घाटत आहे. त्यासाठी कोणते ‘फ्रेमवर्क’ घ्यावे असा प्रश्न आहे. “हे काय नवे खूळ?” असे एका सभासदाने विचारले. विचारले ते बरे झाले.

न्हावा शेवा बंदर घ्या. न्हावा आणि शेवा या गावांच्या किनारी ते १९८९ साली सुरू झाले. निर्यात खुली असते तेव्हा साखरेची पोती कंटेनरात भरून तिथून जातात. कंटेनर वीस फुटी नाहीतर चाळीस फुटी, आणि कोपऱ्यांचे लोखंडी कान ठरल्या मापाचे. म्हणून इथे चढवलेला डबा परदेशातली क्रेनही उचलते. आत साखर आहे की कांदा, क्रेनला देणेघेणे नाही. फ्रेमवर्क असेच. लॉगिन, नोंदी साठवणे, पान दाखवणे ही कामे बांधून तयार असतात. आपण उसाचा हिशोब तेवढा भरायचा.

पण नवे ते चांगले असे नव्हे. गुगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले, गाजले. २०१६ ची पुढची आवृत्ती जुनीशी जुळेना, आणि २०२१ अखेर जुन्याचा सांभाळच थांबला. ज्यांनी त्यावर घर बांधले त्यांना पुन्हा पायापासून सुरुवात. आपण को ८६०३२ अजून का लावतो? बेणे मिळते आणि त्याचा स्वभाव ठाऊक आहे.

सांभाळ महत्त्वाचा का, तेही न्हावा शेव्यानेच दाखवले. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, त्यात मर्स्क समूहाच्या ताब्यातल्या इथल्या गेटवे टर्मिनल्सचे संगणक ठप्प झाले. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरत होता, त्याचे एक ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. गंमत अशी, की तो आधी शिरला युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून! तेव्हा ठिगळ लावायचे, पण ते कुणाच्या हातून येते हेही पाहायचे.

आमच्यापुढे दोन नावे आहेत : जँगो (२००५) आणि लॅराव्हेल (२०११). दोन्ही फुकट, दोन्ही खुली. लॅराव्हेलची पीएचपी भाषा जाणणारी पोरे तालुक्याच्या गावीही सापडतात. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुमारे तीन वर्षे सुरक्षेची ठिगळे मिळतात, शिवाय कारकुनाला नोंदी दुरुस्त करायची पाने आयती येतात. आमचा कल जँगोकडे. माणूस मिळाला नाही तर मात्र लॅराव्हेल. पान हलके हवे, कारण रानात रेंज किती असते ते आपण जाणताच.

एक अट सोडायची नाही. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कारखान्याच्या ताब्यात राहिला पाहिजे. मागे एका ठेकेदाराचे काम त्याच्यावाचून कुणाला उघडता येईना, आणि ऐन हंगामात चिठ्ठ्या हाताने लिहाव्या लागल्या.

नमुन्याची पाने गट कचेरीत पाहावयास ठेवली आहेत. सभासद क्रमांक घेऊन यावे. नाव, गट नंबर आणि लागणीची तारीख बरोबर दिसते का ते पाहून चूक असल्यास तिथल्या वहीत लिहावी.