दुपारी दीडची फेरी

रोज दुपारी दीडच्या सुमारास, ८२४ किलोमीटर उंचीवरून, एक यंत्र आपल्या मुलखावर नजर टाकून जातं. नाव ट्रोपोमी. नेदरलँड्समधल्या हवामान, अवकाश आणि तंत्रज्ञान संस्थांनी एअरबसच्या तिथल्या शाखेबरोबर ते घडवलं. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर बसून रशियातल्या प्लेसेत्स्कहून ते वर गेलं. एका फेरीत २,६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत ते दिवसभरात जवळपास सगळी पृथ्वी उरकतं.

हवेचा नमुना ते घेत नाही. खालून उलटून आलेला सूर्यप्रकाश घेतं, त्याचे रंग सुटे करतं आणि कुठला रंग किती खाल्ला गेला ते बघतं. प्रत्येक वायूची खाण्याची खोड ठरलेली. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचा माग ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या पट्ट्यात लागतो. मिथेनसाठी २,३०० नॅनोमीटरच्या पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात जावं लागतं. काय कमी झालं हे कळायला मूळ प्रकाश ठाऊक हवा, म्हणून साधारण दिवसातून एकदा यंत्र थेट सूर्याचीही नोंद घेतं.

इथवर हिशोब सरळ. डोकेफोड पुढे आहे. प्रकाश तिरका येतो, तिरका जातो, मध्येच ढगावर आपटतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा काही हिस्सा वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये असतो, तो वजा करायचा. एवढं करून हाती येतो तो हवेच्या अख्ख्या स्तंभाचा आकडा. आपल्या नाकाशी किती, ते प्रतिमानं वापरून ताडायचं. म्हणूनच लालभडक नकाशा छापून ‘अमुक शहराची हवा विषारी’ म्हणणाऱ्या बातम्यांवर माझा फारसा भरवसा नाही. संध्याकाळची वाहतूक कोंडी तर दीडच्या फेरीला सापडतच नाही, आणि आपल्या पावसाळ्यात ढगांखालचं काही दिसत नाही.

पण २०२२मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेलं संशोधन बघा. ट्रोपोमीच्या नोंदींत ब्यूनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबईवर मिथेन ठळक दिसला. ट्रोपोमीचा एकेक ठिपका काही किलोमीटरचा. त्यात अख्खं उपनगर मावतं. मग जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीचे, फार बारीक पाहणारे उपग्रह तिकडे वळवले, आणि माग थेट डम्पिंग ग्राउंडवर निघाला. ओला कचरा ढिगाखाली दडपला, हवा मिळेनाशी झाली, की कुजताना मिथेन सुटतो. या शहरांचं उत्सर्जन नेहमीच्या अंदाजांपेक्षा १.४ ते २.६ पट भरलं. त्यात कचऱ्याच्या ढिगांचा वाटा ६ ते ५० टक्के. हाच वायू ढिगात नळ्या घालून गोळा करता येतो, त्यावर वीजही करता येते.