अवकाश विज्ञानाचा दरवाजा आपल्या जिल्ह्यातच आहे

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी हुशार असेल तर ही चर्चा जास्तच लांबते. मामू म्हणतात, "सायन्सला खर्च फार." खाला म्हणतात, "क्लास पुण्याला, मुलगी रोज एकटी कशी जाणार?" शेवटी अब्बा म्हणतात, "आर्ट्स घे, घरी बसून होईल." गणितात नव्वदच्या वर गुण मिळवणारी मुलगी मान खाली घालते आणि अर्ज भरते. शिक्षिका म्हणून दरवर्षी जूनमध्ये मी हे पाहते. घरच्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वाटते की विज्ञान, त्यातही अवकाश विज्ञान, हे बेंगळुरूचे किंवा अमेरिकेचे काम आहे. शिरूर-दौंडच्या मुलीचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात अवकाश संशोधनाची किती मोठी कामे उभी आहेत आणि ती लहान गावातल्या कॉलेजांसाठीही कशी खुली आहेत, हे पालकांनी अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

घोड नदीच्या वरच्या अंगाला

शिरूरला जुने लोक आजही घोडनदी म्हणतात. ही घोड नदी आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावाकडून येते आणि पुढे भीमेला मिळते. त्याच भीमेच्या काठावर दौंड वसले आहे. शिरूरला लागून असलेल्या या आंबेगाव तालुक्यात गिरवली नावाचे गाव आहे. तिथल्या उंच पठारावर दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. २००६ साली ती सुरू झाली. देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक अर्ज करून या दुर्बिणीवर रात्री मागून घेतात.

नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना त्याच्या पांढऱ्या तबकड्या अनेकांनी पाहिल्या असतील. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे आणि अशा ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मधोमध एकत्र आहेत आणि १६ तीन दिशांना पसरल्या आहेत. त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे काम उभे केले. तबकड्यांसाठी जड पत्रा न वापरता पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. त्यामुळे वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च कमी येतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की खोडदला आत जाताना मोबाईलही बंद ठेवावा लागतो.

तीस तबकड्यांचे काम कसे चालते, हे मुलांना अवश्य सांगावे. प्रत्येक तबकडी आपल्यापुरता संकेत पकडते. तो संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे संगणक सगळ्यांचे संकेत जुळवतो. मग बारकावे टिपण्याच्या बाबतीत या तीस तबकड्या २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारख्या वागतात. एवढ्या आकाराची एक तबकडी जगात कोणीही बांधू शकणार नाही.

एकट्याला न परवडणारे काम

कॉलेजांचेही असेच आहे. मोठी दुर्बीण, वेगवान संगणक, जगभरची शोधपत्रिका हे सगळे एका कॉलेजला कसे परवडावे? तालुक्याच्या कॉलेजला तर नाहीच. यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था स्थापन केली. तिचे पूर्ण नाव आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. कल्पना साधी होती. एका ठिकाणी चांगली साधने आणि चांगली माणसे ठेवायची आणि देशातल्या सगळ्या विद्यापीठांना व कॉलेजांना ती वापरू द्यायची. गिरवलीची दुर्बीणही आयुकाचीच.

आयुकात "व्हिजिटिंग असोसिएट" नावाची योजना आहे. कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक काही वर्षांसाठी तिथे जोडला जातो, सुट्टीत येऊन संशोधन करतो आणि त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आयुका करते. तो परत आपल्या कॉलेजात जातो तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुलांनाही त्याचा फायदा होतो. आयुका आणि खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात.

शाळकरी मुलांसाठी आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. इमारतीचे नाव पुलस्त्य. सप्तर्षीतल्या एका ताऱ्याचे हे नाव आहे आणि त्यात "पुल"ही आहेत. अरविंद गुप्ता यांनी इथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुनी चप्पल यांतून विज्ञान शिकवता येते, हे त्यांनी शिक्षकांना पटवून दिले. नारळीकर सर तर मुलांना स्वाक्षरी देत नसत. "पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देईन," असे सांगत. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांनी घालून दिलेला हा रिवाज प्रत्येक शिक्षकाने उचलण्यासारखा आहे.

अमेरिकेतही हीच वाट आहे. तिथे नासाच्या मदतीने १९८९ पासून "स्पेस ग्रँट" नावाचे कॉलेजांचे गट चालतात. असे ५२ गट आहेत आणि प्रत्येक राज्यात एक आहे. मोठ्या विद्यापीठांबरोबर लहान कॉलेजेही त्यांत असतात. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि प्रत्यक्ष काम मिळते.

विद्यार्थ्यांनी बनवलेले उपग्रह

आपल्याकडचे उदाहरण पाहा. १२ जुलै २०१० रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमधून "स्टुडसॅट" नावाचा उपग्रह गेला. त्याचे वजन एक किलोपेक्षाही कमी होते. बेंगळुरू आणि हैदराबाद भागातल्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तो बनवला होता. एका कॉलेजने हे काम अंगावर घेतले असते तर झाले असते की नाही, सांगता येत नाही. सात जणांनी वाटून घेतले आणि पार पाडले.

पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी "स्वयम्" उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी तो इतर १९ उपग्रहांबरोबर अवकाशात गेला. वजन सुमारे एक किलो. त्याची दिशा स्थिर ठेवायला वीज न वापरता चुंबकाचा उपयोग केला होता. एक तुकडी पास होऊन बाहेर पडली की तिचे काम पुढच्या तुकडीने हातात घेतले, असे कित्येक वर्षे चालले.

निगार शाजी आणि पुण्याची दुर्बीण

सूर्याचा अभ्यास करणारे भारताचे "आदित्य एल-१" हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, ठरलेल्या जागी पोहोचले. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी. तामिळनाडूतल्या सेंगोट्टई या लहान गावातल्या, शेतकऱ्याची मुलगी. शालेय शिक्षण गावातच झाले. पुढे तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअरिंग केले आणि १९८७ मध्ये त्या इस्रोत दाखल झाल्या.

या यानावर "सूट" नावाची एक दुर्बीण आहे. ती अतिनील किरणांत सूर्याची पूर्ण तबकडी टिपते. ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने विकसित केली. म्हणजे लहान गावातली मुस्लिम मुलगी मोहिमेची प्रमुख आणि यानावरचे एक मुख्य उपकरण आपल्या जिल्ह्यातले. "हे आपले काम नाही" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढे सांगितले तरी पुरे.

भाषेची अडचण

उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण मात्र खरी आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दहावीपर्यंत मूल सय्यारा, मदार, कशिश-ए-सिक्ल, नूरी साल असे शब्द शिकते. बाजारात, एसटीत आणि सरकारी कचेरीत मराठी असते, तिथे ग्रह, कक्षा, गुरुत्वाकर्षण, प्रकाशवर्ष. अकरावीला सगळे इंग्रजीत, प्लॅनेट, ऑर्बिट, ग्रॅव्हिटी, लाइट इयर. पहिल्या सहामाहीत मूल शब्दांत अडकते आणि घरचे समजतात की त्याला विज्ञान जमत नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. दहावीच्या सुट्टीत एक वही करावी. एका रांगेत उर्दू, मराठी, इंग्रजी असे तिन्ही शब्द लिहावेत. रोज दहा शब्द झाले तरी दोन महिन्यांत सहाशे होतात. एवढ्या शिदोरीवर अकरावीचे पहिले धडे समजू लागतात.

शिवाय या शास्त्रातले सगळेच शब्द आपल्या मुलांना परके नाहीत. इंग्रजी पुस्तकातला अल्डेबरान हा तारा म्हणजे मराठीतली रोहिणी. मूळ अरबी शब्द अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. कोणाच्या मागून? सुरैयाच्या, म्हणजे कृत्तिकांच्या. डेनेब म्हणजे ज़नब, शेपूट. रायगेल म्हणजे रिज्ल, पाय. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ताऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात देवयानी आकाशगंगेचा उल्लेख "लहानसा ढग" असा आहे. वर्गात रोहिणी आणि सुरैया शेजारी बसत असतील तर त्या आकाशातही शेजारणीच आहेत, हे मुलांना फार आवडते. पण नावांचा अभिमान बाळगून भागत नाही. ज्यांनी ती नावे दिली त्यांनी रात्री जागून तारे मोजले होते.

पालकांनी काय करावे

पहिली गोष्ट, आठवी-नववीपासून लक्ष घालावे. इस्रोचा "युविका" हा कार्यक्रम २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शन, स्काउट-एनसीसी यांवरून निवड होते आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळे गुण मिळतात. शिरूर-दौंडच्या खेड्यातल्या शाळा यात मागे नाहीत, उलट त्यांना थोडा फायदाच आहे. प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, तेव्हा शाळेत चौकशी करावी.

दुसरी, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मुलांना घेऊन जावे. तिथे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना दाखवतात. मुलींनाही न्यावे आणि आईनेही सोबत जावे. आईने एकदा पाहिले की घरातली निम्मी चर्चा तिथेच मिटते.

तिसरी, खर्चाची नीट माहिती काढावी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. आपल्यातली तांबोळी, बागवान, पिंजारी अशी कितीतरी घरे ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेवर काढलेले नसते आणि मुलीची संधी कागदापायी जाते. दहावीच्या वर्षीच हे कागद तयार ठेवावेत.

शिरूर-दौंडचा आपला गट

शेवटी एक सूचना आपल्या भागातल्या कॉलेज आणि शाळांना. सात कॉलेजे मिळून उपग्रह पाठवू शकतात, तर शिरूर आणि दौंडची चार-पाच कॉलेजे आणि दहा शाळा मिळून एक दुर्बीण नक्कीच घेऊ शकतील. मराठी, उर्दू, इंग्रजी सगळ्या माध्यमांच्या शाळा त्यात असाव्यात. महिन्यातून एक रात्र दुर्बीण एका शाळेच्या मैदानात लावावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. वर्षातून एकदा एकच बस करून आयुका आणि खोडद पाहावे. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था कॉलेजांना जोडून घेऊन उपग्रह चित्रांचे मोफत ऑनलाइन वर्ग घेते. त्यात नाव नोंदवावे. दौंडच्या उसाला पाणी किती पुरेल, शिरूरच्या पूर्वेकडची जमीन किती कोरडी झाली, हे उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यासता येते. शेतकऱ्याच्या मुलाला याहून जवळचे विज्ञान कोणते?

कोणा मोठ्या देणगीदाराची वाट पाहायची गरज नाही. एका शाळेच्या विज्ञान शिक्षकाने दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाला फोन करण्यापासून हे सुरू होऊ शकते. आणि घरात अकरावीचा अर्ज भरताना सगळ्यांचे बोलून झाले की शेवटचा प्रश्न मुलीलाच विचारावा, "बेटी, तुला काय शिकायचे आहे?" तिने जे उत्तर दिले तेच अर्जावर लिहावे.