काशीचा कौल : बालेकिल्ला आणि बेरीज

वाराणसी म्हणजे भारतीय जनता पक्षाचा बालेकिल्ला, हे विधान राजधानीच्या राजकीय वर्तुळात गृहीत धरले जाते. मात्र लोकसभा निवडणुकांचा सात दशकांचा इतिहास तपासला, तर काशीने कोणत्याही पक्षाला कायमचा पट्टा लिहून दिलेला नाही, असेच दिसते.

१९५२ ते १९६२ या तीन निवडणुका काँग्रेसच्या रघुनाथ सिंह यांनी जिंकल्या. १९६७ मध्ये याच तीर्थक्षेत्राने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह यांना संसदेत धाडले. त्यानंतर १९७१ ते १९८९ या काळात, केंद्रात ज्याची सरशी त्याच पक्षाचा खासदार, असा काशीचा शिरस्ता राहिला. १९७७ मध्ये जनता पक्ष, १९८० मध्ये राजनारायण यांना हरवणारे कमलापती त्रिपाठी, १९८९ मध्ये जनता दलाचे अनिल शास्त्री, ही त्याची ठळक उदाहरणे. हा शिरस्ता मोडला १९९१ मध्ये. राममंदिर आंदोलनाच्या वातावरणात भाजपचे श्रीशचंद्र दीक्षित, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक, विजयी झाले. केंद्रात मात्र काँग्रेस सत्तेवर आली. पुढे शंकरप्रसाद जयस्वाल यांनी भाजपसाठी ही जागा तीनदा राखली. तरीही २००४ मध्ये ती काँग्रेसच्या राजेश मिश्रा यांच्याकडे गेलीच.

शहरी भागात मात्र भाजपचे मूळ खोल गेले होते. ब्रह्माघाट, दुर्गाघाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना ठाऊक असलेली ही काशी बहुभाषक आहे. वाराणसी दक्षिण या विधानसभा मतदारसंघातून श्यामदेव रायचौधरी हे बंगाली भाषक नेते १९८९ पासून भाजपतर्फे सात वेळा निवडून आले. ग्रामीण भागाची कथा निराळी. कोलअसला मतदारसंघाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या उदल यांना नऊ वेळा आमदार केले. त्यांना १९९६ मध्ये पराभूत केले ते भाजपच्या अजय राय यांनी. हेच राय २००९ मध्ये समाजवादी पक्षातर्फे आणि पुढे काँग्रेसतर्फे लोकसभेच्या रिंगणात उतरले.

२००९ मध्ये मुरली मनोहर जोशी अवघ्या १७,२११ मतांनी तरले. त्यांना मिळाली २,०३,१२२ मते. बसपचे मुख्तार अन्सारी आणि सपचे राय यांची एकत्रित मते त्याहून एक लाखाने अधिक होती. भाजपविरोधी मतांची फाटाफूट जोशींच्या पथ्यावर पडली. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी यांनी ५,८१,०२२ मते घेऊन हे गणितच बदलले. २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य ४,७९,५०५ वर गेले आणि २०२४ मध्ये ते १,५२,५१३ पर्यंत खाली आले.

या ३,२६,९९२ मतांच्या घसरणीचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. २०१९ मध्ये सपच्या शालिनी यादव यांना १,९५,१५९ आणि काँग्रेसच्या राय यांना १,५२,५४८ मते होती. २०२४ मध्ये हे दोन पक्ष एकत्र आले. त्यामुळे घसरणीचा जवळपास निम्मा वाटा केवळ आघाडीच्या बेरजेचा ठरतो. मात्र उरलेला निम्म्याहून किंचित अधिक वाटा खऱ्या बदलाचा आहे. मोदींची मते ६१,६९४ ने घटली आणि राय यांना दोन्ही पक्षांच्या जुन्या बेरजेपेक्षा १,१२,७५० मते अधिक पडली. शिवाय २०१९ मध्ये सपसोबत असलेला बसप या वेळी स्वतंत्र लढूनही हे घडले.

तरीही मोदींना ५४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, हे विसरून चालणार नाही. विरोधकांची सगळी मते एकवटली असती, तरी २०२४ चा निकाल फिरला नसता. २००९ चा मात्र खचितच फिरला असता. बालेकिल्ला या शब्दाला आज आधार आहे, तो या फरकाचा. पण पाच वर्षांत सहा लाखांवरच्या मतांतून साठ हजार गळतात आणि समोरच्या पारड्यात लाखभर नवी पडतात, तेव्हा किल्ल्याच्या तटाची पाहणी करणे किल्लेदाराच्याच हिताचे असते. १९६७ आणि २००४ मध्ये काशीने हाच धडा काँग्रेसला आणि भाजपला आळीपाळीने दिला आहे.