पाठकोरी छायाचित्रे

ज्या शाळेच्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेत सरांच्या स्मृतिदिनी चार शब्द बोलण्याची संधी मिळावी, याचा मला मनापासून आनंद आहे. या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी त्या पंक्तीतला नव्हे. उभी हयात आकडेमोडीच्या नोकरीत गेली आणि उरलेला वेळ छायाचित्रणाच्या हौसेत. तेव्हा बोलायचे ते हौसेविषयीच, असे ठरवून आलो आहे. छायाचित्रामागची हकीकत कोणी, कशी आणि का सांगून ठेवावी, हा आजचा विषय.

‘हौशी’ हा शब्द आपण काहीशा सवलतीने वापरतो. जणू हौशी म्हणजे कच्चा. वस्तुतः पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी जो करतो तो हौशी, एवढाच त्याचा अर्थ. लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याची नोकरी करीत होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो नोकरी सांभाळूनच. पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती झाली, ती या हौसेच्या पायावर. त्यांच्या काळी कॅमेरा बाळगणे हे श्रीमंतांचे किंवा खात्याचे काम होते. आमच्या पिढीला तो परवडला, याचे बरेचसे श्रेय या वडोदऱ्याला आहे. आगफाचा ‘क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा येथल्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे. एका रोलवर १२ चौरस चित्रे, मोजक्या दोन-तीन खुणा आणि एक खटका. बारा म्हणजे बाराच! त्यामुळे प्रत्येक चित्राआधी आम्ही विचार करीत असू, आणि प्रत्येक चित्राला आपोआपच काही हकीकत चिकटत असे.

आम्ही सात-आठ समवयस्क हौशी छायाचित्रकार महिन्यातून एकदा एकमेकांच्या घरी जमतो. प्रत्येकाने एक चित्र आणायचे. आणणाऱ्याने प्रथम अवाक्षर काढायचे नाही. त्यात काय दिसते ते इतरांनी सांगायचे. सर्वांचे सांगून झाले की मग त्याने चित्रामागची खरी हकीकत सांगायची. खेळ साधा, पण त्याने आम्हाला जे शिकवले ते छायाचित्रणाच्या पुस्तकांनी शिकवले नव्हते.

एका मित्राने पुराचे छायाचित्र आणले होते. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला, विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या, हे आपणांस स्मरत असेल. त्या चित्रात पहिल्या मजल्याच्या सज्जात एक वृद्धा उभी आहे, खाली गढूळ पाणी आहे, आणि तिने हात उंचावला आहे. आम्ही सर्वांनी एकमुखाने सांगितले की बाई मदतीसाठी हाक मारते आहे. एकाने तर ‘आर्त हाक’ हे शीर्षकही सुचवले. मित्र शांतपणे म्हणाला, “त्या मला ओरडून सांगत होत्या की पुढे येऊ नका, तिथे गटाराचे झाकण उघडे आहे. फोटो काढला आणि मग त्यांचे बोलणे कानावर आले.” म्हणजे जिला आम्ही असहाय ठरवले, ती प्रत्यक्षात दुसऱ्याचा जीव वाचवीत होती. चित्रात बदल काहीच झाला नाही. आमची मान मात्र खाली गेली.

दुसरे चित्र एका निवृत्त परिचारिकाबाईंचे. १९७४ सालचे, कृष्णधवल. त्यात तांदूळ निवडणारी एक स्त्री दिसते आणि तिच्या अंगावरून गणपती विसर्जनाची मिरवणूक निघाल्याचा भास होतो. आम्ही त्यांच्या कल्पकतेची तोंड भरून स्तुती केली. घर आणि रस्ता, स्थैर्य आणि गती, असे बरेच अर्थ काढले. बाई म्हणाल्या, “कसली कल्पकता? चावी फिरवायला विसरले.” त्या जुन्या साध्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रानंतर हाताने फिल्म पुढे सरकवावी लागे. विसरले, तर त्याच चौकटीवर दुसरे चित्र उमटे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आई कधी फोटोला बसायची नाही. त्या दिवशी तिचे लक्ष नव्हते म्हणून घेता आला. तिचा एवढाच फोटो आहे, आणि त्यात तिच्या चेहऱ्यावर ढोलवाला आला आहे.” यावर कोणीही काही बोलले नाही.

असे का व्हावे? कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण ऐकतो. पण तो फार थोडे बोलतो, हे आपण विसरतो. आमच्या त्या साध्या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरता उघडे. त्या क्षणाच्या आधी काय घडले व नंतर काय, हे चित्रात नसते. चौकटीच्या डाव्या-उजव्या अंगाला कोण होते, तेही नसते. आवाज नसतो, वास नसतो, नावगाव नसते. या रिकाम्या जागा पाहणारा आपल्या मनाने भरून काढतो आणि आपण भरले आहे हेच विसरतो.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांचे. हौशी छायाचित्रणाची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. १९०७ साली जहाजाच्या वरच्या डेकवरून त्यांनी खालच्या वर्गातल्या दाटीवाटीने उभ्या असलेल्या उतारूंचे चित्र घेतले. नव्या आयुष्याच्या आशेने अमेरिकेच्या किनाऱ्याला येणारे गरीब स्थलांतरित म्हणून ते चित्र असंख्य लोकांनी पाहिले. वस्तुस्थिती अशी की ते जहाज अमेरिकेहून युरोपकडे चालले होते! ही माणसे येत नव्हती, परत जात होती. हे चित्रावरून कळण्याचा काही मार्ग नाही; त्यासाठी जहाजाची दिशाच ठाऊक असावी लागते.

तर मग छायाचित्रकाराने सांगावे आणि आपण मानावे, इतके हे सोपे आहे काय? तसेही नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी स्थलांतरित मजूर-मातेचे छायाचित्र घेतले. त्या हौशी नव्हत्या, सरकारी कामावर होत्या. पण त्यांची चूक आपल्या कामाची आहे. त्यांनी त्या मातेचे नाव विचारले नाही. १९६० साली, म्हणजे २४ वर्षांनी, त्यांनी त्या भेटीची आठवण लिहिली आणि त्या कुटुंबाने अन्नासाठी मोटारीची चाके विकली होती असे सांगितले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे त्या मातेचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, आणि चाके विकल्याची गोष्ट खरी नसल्याचे तिच्या घरच्यांनी सांगितले. लँग यांनी मुद्दाम असत्य सांगितले, असे मी म्हणणार नाही. स्मृतीही त्या ढोलवाल्याच्या चित्रासारखीच असते. एका चौकटीवर दुसरी केव्हा उमटते, ते आपल्याला कळत नाही.

म्हणून हकीकत सांगावी ती लवकर, आणि सांगण्यापेक्षा लिहून ठेवावी. आपल्या घरांतल्या बहुतेक छायाचित्रांची मागची बाजू कोरी असते. पाठकोरा कागद आपण जपून वापरतो. पाठकोरे छायाचित्र मात्र तसेच ठेवून देतो. आम्ही आमच्यापुरते काही नियम केले आहेत. कोण, कोठे, केव्हा आणि कोणी टिपले, हे प्रथम लिहावे. समूहचित्रात नावे डावीकडून उजवीकडे, ओळीवार लिहावी. चौकटीबाहेर काय होते, ते एका वाक्यात लिहावे. स्वतः पाहिलेले आणि ऐकीव, यांत भेद करावा. जे ठाऊक नाही तेथे जागा मोकळी सोडावी; शोभेसाठी भरू नये. लिहिताना मऊ शिसपेन्सिल वापरावी, कारण बॉलपेनची दाबरेघ पुढच्या बाजूला उमटते आणि शाई फुटते. भ्रमणध्वनीवर चित्रे घेणाऱ्या तरुणांनीही निर्धास्त राहू नये. चित्रासोबत तारीख नोंदली जाते खरी, पण एकाने दुसऱ्याला धाडता धाडता ती पुष्कळदा गळून पडते. आणि त्या वृद्धेने हात का वर केला, हे कोणतेही यंत्र नोंदवीत नाही.

आता अखेरीस एक कबुली. या सभागृहात सरांचे जे छायाचित्र आहे, कडुनिंबाखाली उभे राहून, डोळ्यांशी कागद धरून वाचत असलेले, त्याखाली ‘चिंतनमग्न सर’ असे लिहिले आहे. ते छायाचित्र १९७२ साली मी घेतले. मी नववीत होतो आणि मामाचा ‘क्लिक थ्री’ दोन दिवसांसाठी माझ्याकडे होता. सर त्या वेळी चिंतन करीत नव्हते. सकाळी आमचा चेंडू शिक्षकांच्या खोलीत शिरला आणि टेबलावर काढून ठेवलेला सरांचा चष्मा फुटला. फटका माझा होता. आम्ही पळालो. दुपारी सर कडुनिंबाखाली कागद अगदी नाकाशी नेऊन वाचत होते, कारण त्यांना दिसत नव्हते. मला कॅमेरा रोखलेला पाहून ते म्हणाले, “अरे, उन्हाकडे तोंड करून काय काढतोस? या बाजूला ये.” पंधरा दिवसांनी मी त्यांना चित्राची प्रत दिली. तेव्हा नवा चष्मा आला होता. त्यांनी एवढेच विचारले, “चेंडू मिळाला का रे?” मी म्हणालो, “कसला चेंडू, सर?” ते हसले.

पुढे पन्नासाहून अधिक वर्षे मी गप्प राहिलो. त्या चित्राखालची ओळ खोटी आहे, हे मला ठाऊक होते. पण ती खोडायची तर स्वतःचे नाव सांगणे आले. गेल्या पावसाळ्यात वाळवी लागली म्हणून शाळेने ती चौकट उघडली आणि मला बोलावणे आले. चित्राच्या पाठीवर सरांच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने लिहिले होते : ‘चष्म्याविना. फोटो काढणारा नववी अ मधला. चेंडूही त्याचाच.’

सरांना सारे माहीत होते. त्यांनी मला शिक्षा केली नाही, घरी कळवले नाही. पण खरे काय ते लिहून ठेवले. आपण मात्र ते अक्षर भिंतीकडे करून चित्र टांगले आणि त्याखाली आपल्या मनचे लिहिले. चिंतनमग्न सरांपुढे मी नेहमी दबून असे. चष्म्याविना उभे असलेले, हसून सोडून देणारे सर मला आज अधिक जवळचे वाटतात, आणि मोठेही.

शाळेच्या चालकांना माझी विनंती आहे की ती ओळ बदलावी आणि तेथे सरांचीच तीन वाक्ये लिहावी. त्यात माझी लाज राखण्याचे कारण नाही. माजी विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. आपल्यापाशी शाळेची, सहलींची, स्नेहसंमेलनांची जी छायाचित्रे असतील, ती या सुट्टीत बाहेर काढावी आणि जी नावे अजून आठवतात ती त्यांच्या पाठीवर लिहावी. आमच्या वर्गाच्या समूहचित्रात ४१ मुले आहेत. परवा मी लिहायला बसलो, तेव्हा मला २९ नावे आठवली. उरलेली १२ ज्यांना आठवत असतील, त्यांनी आज सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे. पेन्सिल मी बरोबर आणली आहे.