किती एमबीपीएस घ्यायचे? आधी पिंग बघा

आज घरच्या इंटरनेटबद्दल बोलू. टीव्हीवर सिनेमे बघायचे आहेत, मुलांना ऑनलाइन गेम खेळायचे आहेत, तर किती स्पीडचा प्लॅन घ्यायचा? इंदूर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद, कुठूनही आपला माणूस फोन करतो तेव्हा हाच प्रश्न असतो. आणि बहुतेकदा पुढचं वाक्यही ठरलेलं, "तीनशेचा घेऊन टाकू का?"

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. नोकरी लाइन टाकण्यात आणि तपासण्यात गेली. तिथे "लाइन केवढी?" हे नंतर विचारत. आधी विचारत, "लाइनवरून जायचं काय आहे?" घरीही तिथूनच सुरुवात करा.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकतो. कंपनी स्पीड सांगते मेगाबिटमध्ये, आणि संगणक डाउनलोड दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर स्क्रीनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी दिसणार. तो आकडा बघून कंपनीशी भांडायला जाऊ नका.

आता व्हिडिओ. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या एचडीला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ पुरतात. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगतं. चार माणसांचं घर धरू. हॉलमध्ये फोर-के सिनेमा चालू आहे, आत आजी फुल एचडीत मालिका बघतायत, एक जण फोनवर व्हिडिओ बघतोय आणि सूनबाईंचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू आहे. सगळं सढळ हाताने धरलं तरी बेरीज ३५च्या आत राहते. ५० एमबीपीएसमध्ये हे घर आरामात चालतं, १००मध्ये पाहुणे आले तरी चालतं. शिवाय टीव्ही फोर-के नसेल, किंवा ओटीटीचं पॅकेज फोर-के देत नसेल, तर ते १५ यादीतून खोडाच.

व्हिडिओची आणखी एक सोय आहे. तो पुढचा माल आधी आणून ठेवतो. पुढच्या चौकीवर रेशन साठवून ठेवावं तसं. रस्ता पाच-दहा सेकंद बंद पडला तरी तुम्हाला कळतसुद्धा नाही.

गेममध्ये ही सोय नाही. पुढच्या सेकंदाला समोरचा गडी कुठे पळणार हे आधीच आणून ठेवणार कसं? आणि इथेच बहुतेक लोकांचा हिशेब चुकतो. गेम चालू असताना लाइनवरून जाणारा माल अगदी थोडा असतो. मी इथे आहे, तोंड तिकडे आहे, गोळी झाडली, बस. वायरलेसवरच्या छोट्या संदेशासारखा. त्याला एक एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतो. त्याला हवी असते वेळेची शिस्त. संदेश जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागला, त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

उपग्रहावरून फोनवर बोललेल्यांना हे लगेच उमगेल. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर. तुमचा आवाज वर जाऊन खाली येतो, पलीकडचं उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. आवाज स्वच्छ, पण मध्ये जवळजवळ अर्ध्या सेकंदाची शांतता. लाइन कितीही रुंद केली तरी ती शांतता कमी होत नाही, कारण अंतर कमी होत नाही.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाण्यायेण्याचे १० मिलिसेकंद गेलेच. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर. तिथला सर्व्हर निवडला तर ३९ मिलिसेकंद नुसत्या अंतराचे, प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते म्हणून त्याहून जास्त. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर भारतातला, मुंबईचा असेल तर मुंबईचा निवडा. याला पैसा पडत नाही.

गोळीबाराच्या गेमला पिंग ५०च्या आत असेल तर उत्तम, १००पर्यंत खेळता येतं, १५०च्या वर मूल चिडचिड करणार. लुडो, बुद्धिबळ यांना यातलं काही लागत नाही. पण आकड्यापेक्षा मी स्थैर्य आधी बघतो. सतत ७० असलेला पिंग परवडला. ३०वरून एकदम २०० आणि परत ३०, हा नको.

वडोद्याच्या एका निवृत्त नायब सुभेदारांच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. नातू संध्याकाळी लॅपटॉपवर खेळायला बसला की गेम अडखळायचा. प्लॅन १००चा. कंपनीचा माणूस म्हणाला, ३००चा घ्या. फरक महिन्याला ५०० रुपये. वर्षाचे ६,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. पेन्शनीतून. मी म्हटलं, साहेब, पैसे भरायच्या आधी लाइन तपासू. राउटरला लॅपटॉप थेट केबलने जोडून पिंग बघा. मग नातवाच्या खोलीत बसून वायफायवर बघा. दोन्ही वेळा रात्री नऊच्या सुमारास, सगळं घर ऑनलाइन असताना.

केबलवर पिंग २५च्या आसपास, हलायला तयार नाही. खोलीत वायफायवर ३० ते १९०. म्हणजे कंपनीची लाइन ठणठणीत होती, बिघाड घरातच होता. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, मध्ये दोन भिंती, आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर. हा पट्टा लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमधले सगळे शेजारी त्याच तिघांवर, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ. ३००चा प्लॅन घेतला असता तरी या गर्दीतूनच जायचं होतं. त्यांनी भिंतीच्या कडेने वीस मीटर कॅट-६ केबल टाकून घेतली. एकदाच काही शे रुपयांचा खर्च. नातू खूश आहे, आणि आजोबांचा प्लॅन अजून १००चाच आहे.

बीजीएमआयसारखा गेम फोनवर खेळणाऱ्याला केबल देणं सोयीचं नसतं. त्याने ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरावं आणि राउटरच्याच खोलीत बसावं. हा पट्टा भिंतीला लवकर हार मानतो. अजून एक चोर असतो तो म्हणजे फोटोंचा बॅकअप. घरातले फोन वायफायवर आले की दिवसभराचे फोटो वर चढवायला लागतात, अपलोडची वाट भरते आणि गेमचा चिमुकला संदेश रांगेत अडकतो. बॅकअपला रात्री उशिराची वेळ द्या.

मग मोठा प्लॅन कुणी घ्यावा? ज्याच्या घरी गेम सारखे डाउनलोड होतात त्याने. ५० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर पावणेतीन तास घेतो, १००वर सव्वा तासाच्या आत, ३००वर बावीस-तेवीस मिनिटं. मुलगा स्वतःचा खेळ लाइव्ह दाखवत असेल तर अपलोडचा स्पीड वेगळा विचारा. काही ठिकाणी तो डाउनलोडइतकाच मिळतो, काही ठिकाणी बराच कमी. आणि मोठा प्लॅन घेतलाच, तर राउटरचं आणि लॅपटॉपचं केबलचं पोर्ट गिगाबिटचं आहे ना ते बघा. जुनं १००चं पोर्ट असेल तर ३०० त्यातून जाणारच नाहीत.

जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे फाइव्ह-जीवरची घरगुती जोडणी मिळते. सिनेमाला ती छान आहे. गेमसाठी मात्र टॉवरवर संध्याकाळी गर्दी होते तेव्हाचा पिंग बघितल्याशिवाय घेऊ नका. वर्षाचं पॅकेज स्वस्त म्हणून विक्रेता गळ घालेल. त्याला सांगा, आधी एक महिन्याचं दे. त्या महिन्यात चार-पाच वेळा, रात्री नऊ वाजता पिंग मोजून वहीत लिहा. रविवारी एकदा नक्की.