बेटांचा सागरप्रवास केव्हां करावा?

कोलशेतच्या कांठावर उभें राहिलें असतां समोर उल्हास नदीच्या खाडीचें संथ पाणी दिसतें. हेंच पाणी पश्चिमेस घोडबंदरावरून जाऊन वसईच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळतें. कोलशेत ज्या भूमीवर वसलें आहे ती साष्टी म्हणजे चोहोंकडून खाडी व समुद्र यांनीं वेढलेलें एक बेटच होय. पण राहत्या घराचें बेट कोणी बेट म्हणून पाहत नाहीं. येथील नव्या इमारतींतून राहणाऱ्या कुटुंबांस बेट पाहण्याची हौस वाटली म्हणजे डोळ्यांपुढें येतात तीं लक्षद्वीपचीं बेटें. २०२१ सालच्या सप्टेंबरांत मुंबईहून तिकडे सहलीचें मोठें जहाज जाऊं लागलें, तेव्हांपासून ही हौस अनेकांच्या आवांक्यांत आली आहे.

अशा प्रवासाचा दिवस ठरतो तो बहुधा मुलांच्या सुट्यांवरून. सुट्या मोठ्या दोन. एक दिवाळीची आणि दुसरी मे महिन्याची. अडचण अशी कीं, अरबी समुद्रांतील चक्रीवादळांचे हंगामहि दोनच, आणि ते नेमके याच दोन सुट्यांच्या सुमारास येतात. घरचें पंचांग आणि समुद्राचें पंचांग एक नव्हे, एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली तर पुढील निवड सोपी होते.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. चक्रीवादळ तयार होण्यास समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असावें लागतें. शिवाय खालच्या आणि उंचावरच्या वाऱ्यांची दिशा व वेग यांत फार तफावत असून चालत नाहीं. नाहीं तर वादळाची वर चढणारी हवा विसकटून जाते. ऐन पावसाळ्यांत पाणी उष्ण असतें, परंतु वाऱ्यांची ही तफावत मोठी असते. म्हणून जुलै-ऑगस्टांत अरबी समुद्रांत मोठीं चक्रीवादळें क्वचितच होतात. पावसाळ्यापूर्वीं मे-जूनमध्यें आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत मात्र दोन्ही गोष्टी वादळास अनुकूल होतात.

अनुभवहि हेंच सांगतो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं कोंकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच वादळांत बुडाल्या. २०१९ च्या दिवाळींत रत्नागिरीसमोरील समुद्रांत 'क्यार' वादळ उठलें, आणि तें दूर जातें न जातें तोंच, भाऊबीज होऊन दोन दिवस लोटतात तोंपर्यंत, 'महा' हें दुसरें वादळ लक्षद्वीपच्या बेटांवर येऊन ठेपलें. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत 'ओखी'नें मिनिकॉय व कल्पेनी या बेटांची मोठी हानि केली; त्याच वादळाच्या भीतीनें ५ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मे महिन्याचेंहि तसेंच. १४ मे २०२१ च्या सुमारास लक्षद्वीपजवळ जन्मलेलें 'तौक्ते' अवघ्या तीन दिवसांत मुंबईच्या बाजूनें गुजराथेस पोहोंचलें, आणि त्यांत मुंबईच्या पश्चिमेस 'पी-३०५' हा तराफा बुडून साठांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

राहिला खुद्द पावसाळा. त्याविषयीं किनाऱ्यावरील लोकांचा निर्णय फार जुना आहे. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत होड्या पाण्यांत लोटावयाच्या नाहींत, हा कोळी बांधवांचा रिवाज. आजहि जून-जुलैंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते, आणि गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचीदेखील पावसाळ्यांत बंद राहतात. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारीच्या अमावास्येनिमित्त घराकडे निघालेल्या उतारूंसह सहाशेंहून अधिक जीव त्या दिवशीं गेले. प्रवास थोड्याच वेळाचा होता. किनारा दूर नव्हता. अंतर थोडें म्हणून समुद्र सौम्य होत नाहीं.

येथें एका फसवणुकीविषयीं सावध राहणें अवश्य आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मुंबई-ठाण्याचा पाऊस सरतो, आकाश निवळतें, कोलशेतची खाडी आरशासारखी होते, आणि आतां समुद्र मोकळा झाला असें वाटूं लागतें. परंतु अगत्ती बेट मुंबईपासून जवळजवळ सरळ दक्षिणेस सुमारें नऊशें किलोमीटरांवर आहे. आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सरी चालूच असतात. घराच्या खिडकींतून दिसणारें आकाश हें त्या बेटाचें आकाश नव्हे.

दुसरी गोष्ट बेटावर उतरण्याची. लक्षद्वीपची बहुतेक बेटें प्रवाळाच्या कड्यानें वेढलेलीं आहेत. कड्याच्या आंत निळें, उथळ पाणी आणि बाहेर एकदम खोल समुद्र. मोठें जहाज बाहेरच थांबतें आणि उतारूंना लहान होडींत उतरून किनारा गांठावा लागतो. जहाजावर जी लाट जाणवतहि नाहीं, ती या होडीस हाताएवढी वर उचलून खालीं सोडते. वृद्ध माणसें व लहान मुलें यांची परीक्षा होते ती येथें. एप्रिल-मेमध्यें तर वारा अगदीं पडलेला असतांहि हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेकडून आलेल्या लांब लाटा या किनाऱ्यांवर आदळतात. केरळांतील कोळी त्यांना 'कल्लक्कडल' म्हणजे चोर समुद्र म्हणतात. अशा दिवशीं कप्तान बेटाला दुरूनच नमस्कार करून जहाज पुढें हांकतो, आणि उतारूंनीं दोष देऊं नये, कारण तो योग्यच करीत असतो.

तेव्हां उत्तम काळ कोणता? मकरसंक्रांतीपासून होळीपर्यंतचा. या दिवसांत उत्तरेकडचे कोरडे व बेताचे वारे वाहतात, पाऊस जवळजवळ नसतो, पाणी स्वच्छ राहतें आणि प्रवाळांमधील मासे वरूनहि दिसतात. कोंकण किनाऱ्याजवळ पहांटे जमिनीवरून मतलई वारा व दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा असा नियमित क्रम चालतो. डिसेंबरचा उत्तरार्धहि वाईट नाहीं. परंतु नाताळ व नववर्षाच्या गर्दीमुळें तिकिटें महाग होतात. मार्च अखेरीस उष्मा वाढूं लागतो.

हा नियम सर्व समुद्रांस जशाचा तसा लागू करूं नये. अंदमानास जानेवारीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंतचे दिवस चांगले. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथें वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपला उत्तम ऋतु तोच तेथील वाईट ऋतु. वेस्ट इंडीजकडे जून ते नोव्हेंबर टाळावे. स्थळ बदललें कीं पंचांग बदलतें.

संसारी माणसास जानेवारी-फेब्रुवारींत मोठी सुटी मिळत नाहीं, ही अडचण खरी. परंतु २६ जानेवारीस लागून शनिवार-रविवार आला आणि दोन दिवसांची रजा जोडली तर एवढा प्रवास बसतो. दहावी-बारावीचा विद्यार्थी घरांत असेल तर एक वर्ष थांबावें. बेटें कोठें जात नाहींत. लक्षद्वीपांत उतरण्यास सरकारी परवाना लागतो, त्याची चौकशी आधींच करावी. तिकिटावरील अटी वाचाव्या. हवा बिघडल्यास एखादें बेट वगळण्याचा अधिकार जहाजवाले बहुधा राखून ठेवतात. निघण्यापूर्वीं चार दिवस हवामानखात्याचा समुद्राविषयींचा अंदाज रोज पाहावा, आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला असेल तर भरलेल्या पैशांचा मोह सोडून बेत पुढें ढकलावा. बुडालेले पैसे पुन्हां मिळवितां येतात, हें घरांतील वडील माणसांनीं त्या वेळीं आठवण करून द्यावें.