विश्लेषण : कोडचा पत्ता बदलला की सॉफ्टवेअर का अडते?

एका प्रोग्रामरने गिटहबवरील आपल्या खात्याच्या नावातले पहिले इंग्रजी अक्षर, म्हणजे ‘एस’, कॅपिटलऐवजी स्मॉल केले. कोडच्या एकाही ओळीत बदल नव्हता. तरीही २०१७ मध्ये या बदलामुळे ‘गो’ भाषेतील अनेक प्रकल्पांचे बिल्ड अडले. कोड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे वरवर फाइल हलवण्याइतके सोपे वाटते. मग अडचण नेमकी कुठे येते?

लॉगरसचे प्रकरण काय होते?

‘लॉगरस’ ही प्रोग्राम चालू असताना घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवणारी लायब्ररी. डॉकरसारखे मोठे प्रकल्पही ती वापरत. गो भाषेत अशी लायब्ररी वापरायची तर कोडच्या सुरुवातीला तिचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो : गिटहब डॉट कॉम, मग खात्याचे नाव, मग रिपॉझिटरीचे नाव. यालाच इम्पोर्ट पाथ म्हणतात. गिटहबला खात्याच्या नावातील कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. दोन्ही पत्त्यांवर तोच कोड मिळतो. गोच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी पॅकेजेस ठरतात. त्यात विंडोज आणि मॅकवर केवळ अक्षराच्या आकाराने वेगळे असलेले दोन फोल्डर सहसा एकच मानले जातात. त्यामुळे एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही रूपे आढळली, की गो बिल्ड करण्यासच नकार देते.

स्वतःच्या कोडमध्ये दुरुस्ती केली की प्रश्न सुटला, असेही नव्हते. समजा, एखाद्या प्रकल्पात दोन बाहेरच्या लायब्ररी आहेत. एकीने नवा पत्ता स्वीकारला, दुसरी जुन्यावरच आहे. दोघींचे कर्ते वेगळे, देश वेगळे आणि काम बहुधा फावल्या वेळेतले. त्या दोघी एका पत्त्यावर येईपर्यंत मधल्या प्रकल्पाने करायचे काय? एक तर वाट पाहायची, नाही तर दुसऱ्याच्या कोडची प्रत काढून स्वतःच सांभाळायची. लॉगरसच्या १.० आवृत्तीत स्मॉल अक्षरांचे नाव अधिकृत झाले आणि सर्वांनी तेच वापरावे, असे सांगण्यात आले. निर्णय योग्यच होता, पण तो अंमलात आणण्याचा भार इतरांवर पडला.

जुना पत्ता रिकामा राहिला तर?

बिल्ड मोडले की निदान कळते तरी. खरा धोका न कळणाऱ्या बदलाचा आहे. रिपॉझिटरीचे किंवा खात्याचे नाव बदलल्यावर गिटहब जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवते. पोस्टमनने ओळखीने पत्र नव्या घरी पोहोचवावे, तसेच हे. पण जुने नाव दुसऱ्या कुणी घेतले आणि तिथे त्याच नावाची रिपॉझिटरी उघडली, की ही सोय संपते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये असेच घडले. ‘गो-बाइंडेटा’ या लोकप्रिय साधनाच्या कर्त्याचे खाते बंद झाले आणि दुसऱ्याच कुणीतरी तेच नाव घेऊन जुन्या कोडची प्रत तिथे ठेवली. मोडलेली बिल्ड पुन्हा चालावीत, हा त्यामागचा हेतू असल्याचे पुढे आले. पण हेतू वाईट असता तर? जुना पत्ता लिहिलेल्या प्रकल्पांत अनोळखी माणसाचा कोड थेट शिरला असता. त्याच वर्षी गिटहबने बंदोबस्त केला : नाव बदलण्यापूर्वीच्या आठवड्यात ज्या रिपॉझिटरीच्या शंभराहून अधिक प्रती उतरवल्या गेल्या, तिचा जुना पत्ता कायमचा गोठवायचा. २०२२ मध्ये चेकमार्क्स या सुरक्षा कंपनीने त्यातूनही पळवाट दाखवली आणि गिटहबने ती बुजवली. कमी वापराच्या रिपॉझिटरीला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

मग जागा बदलावी कशी?

दुखणे एकाच ठिकाणी आहे : गोमध्ये कोडची जागा हेच त्याचे नाव होऊन बसते. गूगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. त्याआधी २०१४ च्या अखेरीस गो भाषेचे स्वतःचे काम तिथून हलवताना कर्त्यांनी पूरक पॅकेजेसना ‘गोलँग डॉट ऑर्ग/एक्स’ हा स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता दिला. गोची आज्ञावली या पत्त्यावरील पानाला विचारते, कोड कुठे आहे? पानातील एक छोटा टॅग उत्तर देतो. कोड उद्या दुसरीकडे नेला तर तो टॅग तेवढा बदलायचा. वापरणाऱ्यांच्या इम्पोर्टला हात लागत नाही. उबरच्या गो लायब्ररीही याच पद्धतीने कंपनीच्या डोमेनवरून मिळतात.

ज्यांनी आधीच गिटहबचा पत्ता वाटून ठेवला आहे, त्यांनी घाई टाळावी. ‘गो डॉट मॉड’ फाइलमध्ये मॉड्यूलचे नाव लिहिलेले असते. कोड हलवताना तेही बदलले, तर जुन्या पत्त्याने नवी आवृत्ती मागणाऱ्याला नावे जुळत नसल्याची चूक दिसते. नाव बदलणे अटळच असेल, तर जुनी रिपॉझिटरी पुसू नये. तिची शेवटची आवृत्ती नव्या पॅकेजकडे बोट दाखवणारे पातळ कवच म्हणून ठेवावी. त्यासाठी लागणारी ‘टाइप अलायस’ ही सोय ऑगस्ट २०१७ मध्ये गो १.९ सोबत आली, तीही मुख्यतः अशा टप्प्याटप्प्याच्या स्थलांतरासाठीच. गो १.१७ पासून मॉड्यूल कालबाह्य झाल्याची सूचनाही त्याच फाइलमध्ये लिहिता येते. ‘रिप्लेस’ ही आज्ञा अनेक जण उपाय म्हणून वापरतात, पण ती फक्त स्वतःच्या प्रकल्पापुरती चालते. तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही.

२०१९ पासून गूगल चालवत असलेला मॉड्यूल मिरर बहुतेक जुन्या आवृत्त्यांच्या प्रती ठेवतो. सोबतची चेकसम नोंद त्याच आवृत्तीत गुपचूप झालेला फेरफार पकडते. त्यामुळे मूळ रिपॉझिटरी गायब झाली तरी जुनी बिल्ड सहसा चालतात. मात्र रिकामा पत्ता बळकावणाऱ्याने नव्या क्रमांकाची आवृत्ती काढली, तर ही व्यवस्था ती अडवत नाही.

स्वतःच्या डोमेनच्या वाटेतही एक खर्च आहेच. त्याचे शुल्क दर वर्षी भरावे लागते. ते भरायचे राहिले तर डोमेन कुणीही विकत घेऊ शकते आणि तिथे गिटहबसारखे नाव गोठवणारे कुणी नसते.